दोन तक्त्यांमधली भिंत

पाचवीत असताना त्यानं शाळेच्या पाण्याच्या टाकीवरून उडी मारून हात मोडून घेतला, आणि प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून चौथ्या दिवशी तो पुन्हा त्याच टाकीच्या शिडीवर दिसला. "अरे, आता कशाला?" म्हणून मी, त्याची वर्गशिक्षिका, खालून ओरडले, तर वरून शांतपणे उत्तर आलं, "बाई, कुठं चुकलं ते बघतोय."

असा मुलगा पुढं सैन्यात गेला, मोठ्या गाड्यांवर ड्रायव्हर झाला, यात नवल नव्हतं. सोळा वर्षांनी हवालदार होऊन तो एका पलटणीच्या गाडीतळाचा प्रमुख झाला, यातही नाही. नवल वाटलं ते त्याचं तिथलं नाव ऐकून. सगळी पलटण त्याला 'सावकाश उस्ताद' म्हणते. फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दारावर तो दोनदा थाप मारतो आणि "सावकाश" एवढंच म्हणतो. रिकामी गाडी असो की साहेबांची, त्यात फरक नाही.

सावधपणा त्याच्या रक्तात नव्हता. तो त्यानं शिकून घेतला, आणि मग इतरांनाही शिकवायला निघाला. त्यात काय काय झालं ते मी अर्धं त्याच्याकडून ऐकलंय, अर्धं त्याच्या बायकोकडून. बायकोकडचं अर्धं जास्त भरवशाचं आहे, कारण तो स्वतःबद्दल सांगताना मधली वाक्यं गाळतो.

गाडीतळ म्हणजे पत्र्याच्या लांबलचक शेडखाली ओळीनं उभ्या चाळीस-बेचाळीस गाड्या. तेलाचा वास, लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या, गाड्या धुवायचा सिमेंटचा चढ आणि एका कोपऱ्यात दोन खोल्यांचं कार्यालय. प्रत्येक गाडीला दोन लाकडी ठोकळे असतात. गाडी उतारावर उभी केली की ते चाकाखाली घालायचे, म्हणजे ती घरंगळत नाही. साधी गोष्ट.

तो दुय्यम होता तेव्हाची हकिकत. वरून तपासणी येणार होती. तेव्हाच्या प्रमुखानं सगळे ठोकळे गोळा केले, त्यांना पांढरा रंग दिला, कडांना लाल पट्टी ओढली आणि कार्यालयासमोरच्या मांडणीत साबणाच्या वड्यांसारखे रचून ठेवले. फार सुंदर दिसले म्हणे. तपासणी करणाऱ्यांनी शाबासकी दिली. मग ते ठोकळे तिथून हलवायची कुणाची छाती होईना. रंगावर चिखलाचा डाग पडला तर आठवडाभर जादा पहारा ठरलेला! ड्रायव्हर बिचारे चाकाखाली विटा आणि दगड लावू लागले. तीन महिन्यांनी एक गाडी विटेवरून सरकली. खाली मेकॅनिक काम करत होता. त्याच्या पायाची दोन बोटं गेली.

चौकशी झाली. 'चालकाचा निष्काळजीपणा' असा शेरा बसला, चालकाला शिक्षा झाली, आणि ठोकळे मांडणीतच राहिले. उस्तादाच्या मनाला लागून राहिलं ते वेगळंच. तीच गाडी आठवडाभर आधी हातभर सरकली होती. तिघांनी ते पाहिलं होतं आणि तिघेही गप्प बसले होते.

"का रे?" मी विचारलं होतं.

"सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, वीट कुणी लावली? आमच्याकडं खड्डा दाखवणाऱ्यालाच आधी विचारतात, तू तिकडं गेलास कशाला?"

प्रमुख झाल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं ते ठोकळे मांडणीतून काढून चाकांखाली घातले. दुपारपर्यंत त्यांचा रंग चिखलात गेला. ते सोपं होतं. दुसरं काम अवघड होतं. रोज सकाळी गाड्यांच्या किल्ल्या वाटण्याआधी सगळ्या ड्रायव्हरांनी धुण्याच्या चढाजवळ पाच मिनिटं उभं राहायचं, आणि काल जे चुकता चुकता राहिलं असेल ते सांगायचं. जे तिथं सांगितलं जाईल त्याबद्दल शिक्षा नाही. जे दुरुस्त होण्यासारखं असेल ते संध्याकाळपर्यंत दुरुस्त होईल. नाही झालं तर का नाही, ते उस्ताद दुसऱ्या सकाळी सांगेल. तेव्हाच्या साहेबांनी मान हलवली होती. "ठीक आहे, पण मला कागद नको," एवढंच ते म्हणाले. म्हणजे सगळा कारभार तोंडी.

पहिले काही दिवस कुणी तोंडच उघडलं नाही. मग थट्टा सुरू झाली. सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला पलटण 'दादा' म्हणायची. सव्वीस वर्षांची नोकरी, भरघोस मिशा, आणि गाडीला एक ओरखडा नाही. तो पुढं आला.

"उस्ताद, काल माझी टक्कर होता होता राहिली."

"कुठं?"

"स्वयंपाकघराच्या दारात. बायको लाटणं घेऊन समोरून येत होती, मी मागं बघितलंच नाही."

सगळे खो खो हसले. उस्ताद हसला नाही, चिडलाही नाही.

"ब्रेक वेळेवर लागला?"

"लागला म्हणूनच इथं उभा आहे."

"छान. पुढचा."

मग त्यानं स्वतःपासून सुरुवात केली. रोज सकाळी आपली एक चूक सांगायची. काल गाडी मागं घेताना मी खाली उतरून बघितलं नाही. परवा टायरची हवा न तपासता सही केली. माणसं अवघडून जायची. हवालदारानं चारचौघांत आपली चूक सांगायची म्हणजे त्यांना तो अंगावरचे कपडे उतरवण्याचा प्रकार वाटायचा. एका सकाळी कुणीतरी हळूच म्हणालं की सात नंबरच्या गाडीचा आरसा ढिला आहे, आपोआप खाली पडतो. संध्याकाळी सात नंबरला नवा आरसा लागला. तो आरसा सगळ्यांनी जाता-येता पाहिला, आणि तोंडं उघडू लागली.

फाटकाजवळचं झुडूप वळणावर आड येतं. डिझेलची पिंपं नेमकी न दिसणाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. नव्या गाडीचा गिअर उतारावर सुटतो. दीड वर्ष असं चाललं. मी एकदा विचारलं, "अपघात किती कमी झाले?" तर म्हणाला, "बाई, मी मोजत नाही. मोजायला लागलो की माणसं आकडा सांभाळायला लागतात."

दादा मात्र कधीच बोलला नाही. लाटण्यावाल्या विनोदानंतर तो फक्त हाताची घडी घालून उभा राहायचा. "चुकलो असतो तर इथं नसतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मग साहेब बदलले. नवे साहेब वाईट नव्हते. नेटके, कडक, शब्दाचे पक्के. त्यांना सगळं जागच्या जागी लागायचं. आल्यापासून महिनाभरात एका सकाळी ते फेरी मारत गाडीतळावर आले आणि चढाच्या पलीकडं उभे राहिले. कुणाचं लक्ष गेलं नाही. नेमका त्याच सकाळी 'बांबू' बोलायला उभा राहिला. उंचीमुळं त्याचं नाव तसं पडलेलं. शांत, कामसू माणूस.

"उस्ताद, काल परत येताना पुलाच्या अलीकडं माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा डावं चाक रस्त्याच्या बाहेर होतं."

उस्ताद त्याच्याजवळ गेला.

"मागं किती जण होते?"

"बारा."

उस्ताद काही बोलणार तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "या ड्रायव्हरला उद्या दहा वाजता माझ्यासमोर उभा करा. तोपर्यंत याच्या हातात किल्ली द्यायची नाही."

साहेब गेले. तीस माणसांचे डोळे उस्तादाकडं वळले. शब्द त्यानं दिला होता. बांबूला शिक्षा झाली तर नोकरीवर डाग बसणार, लायसन्स जाणार. पण त्याहून मोठं असं की त्या चढाजवळ पुन्हा कुणी कधी खरं बोलणार नव्हतं, आणि पुढचं चाक रस्त्याबाहेर जाईल ते कुणाला न कळता जाईल.

दुपारी तो जेवायला घरी आला तेव्हा बायको टेबलावर पडद्यांचं कापड पसरून बसली होती. त्याच्या बढतीचं नाव साहेबांच्या टेबलावर होतं. बढती म्हणजे मोठं क्वार्टर, आणि त्या क्वार्टरच्या खिडक्यांची मापं तिनं शेजारणीला बोलण्यात गुंतवून आधीच काढून आणली होती. त्यानं सगळं सांगितलं.

"तुम्ही त्याला सांगितलं होतं ना, काही होणार नाही म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग प्रश्न कुठं आहे?"

"अगं, प्रश्न असा आहे की साहेबांच्या टेबलावर माझा कागद आहे. आत्ताच त्यांच्यासमोर तोंड वर करून बोललो तर..."

"तर पडदे आखूड होतील," ती म्हणाली. "आहेत त्या खिडक्यांना लावू. भात निवतोय, जेवा आधी."

जेवून तो बांबूच्या बराकीत गेला. बांबू खाटेवर पाय दुमडून बसला होता. खाट त्याला पुरत नसेच.

"आदल्या रात्री कुठं होतास?"

"पहाऱ्यावर."

"आणि त्याच्या आदल्या रात्री?"

"तेव्हापण."

"मग सकाळी सांगितलं का नाहीस?"

बांबू खाली बघत म्हणाला, "उस्ताद, तुम्ही काल काय चुकलं ते विचारता. रात्री झोपलास का, हे कधी विचारलंच नाहीत."

तिथून तो सरळ कार्यालयात गेला. त्या दोन खोल्यांपैकी एकीत तो स्वतः बसतो आणि कुणी कोणती गाडी न्यायची त्याचा तक्ता करतो. दुसरीत पहाऱ्याचा कारकून बसतो, तो रात्रीच्या पहाऱ्याचा तक्ता करतो. दोघांच्या मध्ये एक भिंत. त्याच भिंतीला एका बाजूनं हा आपला तक्ता टांगतो, दुसऱ्या बाजूनं तो.

"नावं कशी निवडता?" उस्तादानं विचारलं.

"निवडतो कसला?" कारकून म्हणाला. "यादी आहे. काल जिथं बोट होतं तिथून पुढं मोजतो. कोण ड्रायव्हर, कोण स्वयंपाकी, मला काय ठाऊक? मला सगळे सारखे."

"मागचे तीन महिने दाखवा."

दोघांनी तक्ते खाली उतरवले आणि जमिनीवर शेजारी शेजारी पसरले. किती वर्षं ते तक्ते एका भिंतीवर होते, पण एकमेकांसमोर पहिल्यांदाच आले. उस्ताद पेन्सिलनं खुणा करत गेला. रात्री पहारा, सकाळी लांबचा पल्ला. एक. दोन. पाच. शेवटी एकोणीस. तीन महिन्यांत एकोणीस वेळा रात्रभर जागलेला माणूस माणसांनी भरलेली गाडी घेऊन निघाला होता. आणि प्रत्येक वेळी किल्ली देणाऱ्याची सही एकच होती.

"अरे देवा," कारकून म्हणाला. "आता हे जाळायचं का?"

"नाही. गुंडाळून द्या."

दुसऱ्या दिवशी दहाला तो बांबूसोबत साहेबांसमोर उभा राहिला.

"हा झोपला होता की नाही?" साहेबांनी विचारलं.

"झोपला होता, साहेब."

"मग तुमचं काय म्हणणं आहे?"

"साहेब, हा झोपला हे आपल्याला यानंच सांगितलं. मागं बसलेल्या बारांपैकी एकालाही पत्ता नव्हता. आपण याला शिक्षा केलीत तर उद्यापासून या पलटणीत कुणाचाही डोळा लागणार नाही. म्हणजे लागेल, पण आपल्याला कळणार नाही."

"तुम्ही मला शिकवताय?"

"नाही साहेब. मी चुकलोय, ते सांगायला आलोय." आणि त्यानं दोन्ही तक्ते टेबलावर पसरले.

साहेब वाकले. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि खुणा स्वतः मोजल्या. बराच वेळ लागला.

"अठरा."

"एकोणीस, साहेब. एक मागच्या पानावर आहे."

साहेबांनी पान उलटलं. "ही सही कुणाची?"

"माझी."

"म्हणजे दोष तुमचा."

"होय साहेब. याच्या डोळ्यांचा दोष दोन मिनिटांचा. माझा तीन महिन्यांचा."

"आणि शिक्षा होणार नाही असा शब्द कुणाच्या परवानगीनं दिलात?"

"मागच्या साहेबांच्या. तोंडी."

"तोंडी!" साहेब एवढ्या जोरात म्हणाले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहिलं. सकाळच्या पाच मिनिटांत जो स्वतःची चूक सांगेल त्याच्यावर त्या चुकीबद्दल कारवाई होणार नाही. पहाऱ्याचा आणि गाड्यांचा तक्ता यापुढं एकाच टेबलावर, दोघांनी मिळून करायचा. खाली सही, शिक्का. दुसऱ्या कागदावर लिहिलं की गाडीतळ-प्रमुखाच्या कामात त्रुटी आढळली. बढतीच्या यादीतून या वेळचं नाव मागं.

"दोन्ही कागद बरोबर आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

"बरोबर आहेत, साहेब," उस्ताद म्हणाला. आणि त्याला ते खरंच बरोबर वाटले होते, असं बायको सांगते. तिला दुसरा अजिबात बरोबर वाटला नव्हता. बढती पुढच्या वर्षी मिळाली, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

बांबूला किल्ली परत मिळाली. साहेबांचा हुकूम फलकावर लागला. उस्तादाला वाटलं, झालं, आता लेखीच आहे, माणसं निर्धास्त बोलतील.

कुणी बोलेना.

फलकावरचे कागद सैनिक वाचतो ते सुट्ट्यांसाठी. बाकीचे भिंतीवरच्या पालीसारखे, आहेत तर असोत. माणसांनी आपल्या डोळ्यांनी जे पाहिलं त्याचा हिशेब लावला होता. बांबू खरं बोलला, तर त्याला साहेबांसमोर उभं राहावं लागलं. उस्ताद खरं बोलला, तर त्याची बढती गेली. मग शहाण्यानं काय करावं? एक सकाळ गेली, चार गेल्या. उस्ताद रोज स्वतःचं एक सांगायचा. माणसं पायाकडं बघत ऐकायची आणि किल्ल्या घेऊन जायची. बांबूसुद्धा गप्प. आपल्यामुळं उस्तादाचं नुकसान झालं, या विचारानं तो अधिकच गप्प.

"बोललं का कुणी?" दुपारी बायको विचारायची.

"नाही."

"बोलतील. विरजण लावलं की सारखं झाकण उघडून बघायचं नसतं."

"नासलं असेल तर?"

"नासलेलं वासावरून कळतं," ती म्हणाली. "मी काल दादांच्या घरी गेले होते. त्यांच्या आईला दवाखान्यात ठेवलंय. घरातली सगळी तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होती. वास चांगला होता."

दहाव्या सकाळी माणसं नेहमीसारखी उभी राहिली, नेहमीसारखी गप्प राहिली, आणि किल्ल्या घ्यायला रांग लागली. त्या दिवशी सगळ्यात अवघड फेरी दादाची होती. वीस नवे सैनिक घेऊन डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यानं नेमबाजीच्या मैदानावर जायचं. उस्तादानं खिळ्यावरची किल्ली काढून पुढं केली. दादानं हात पुढं केलाच नाही.

"उस्ताद, आज मला गाडी नको."

मागची रांग थांबली.

"काय झालं? काल काही..."

"काल काही झालेलं नाही. सव्वीस वर्षांत काही झालेलं नाही." दादाचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "दोन रात्री आईच्या उशाशी बसून आहे. पहाऱ्याच्या तक्त्यात ते कसं दिसणार? डोळे उघडे आहेत, पण आतला दिवा गेलाय. काही झालं तर ते आज होईल. म्हणून आधी सांगतोय."

उस्ताद किल्ली तशीच धरून उभा होता. दीड वर्ष तो कालचं विचारत आला होता. आजचं कुणी आपणहून सांगेल, तेही दादा, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मागून एक लांब हात आला आणि त्यानं किल्ली उचलली.

"माझी फेरी जवळची आहे, ती दुसऱ्या कुणाला द्या," बांबू म्हणाला. "मी आठवडाभर इतका झोपलोय की खाट माझ्या मापाची झालीय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. दादाही हसला, आणि हसता हसता त्यानं मिशांवरून हात फिरवला, तो डोळ्यांपर्यंत गेला.

"दादा, तुम्ही दवाखान्यात जा," उस्ताद म्हणाला. "झोप झाली की या. झाली नसली तर तसं येऊन सांगा."

"सांगतो."

दादा चार पावलं गेला असेल नसेल, रांगेतून आवाज आला. "उस्ताद, आता विषय निघालाच आहे तर, माझ्या गाडीचा ब्रेक तीन दिवसांपासून उशिरा धरतोय." त्याच्या मागचा म्हणाला, "माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक, संध्याकाळी फाट्याची पाटी वाचता येत नाही." तिसऱ्यानं वळणावरच्या मुरुमाचं सांगितलं. माणसं रांग मोडून पुन्हा चढाजवळ गोळा झाली. कारकून आपल्या खोलीतून वही घेऊन पळत आला, कारण दोघांचं मिळून एक टेबल झाल्यापासून त्यालाही हे सगळं आपलंच वाटू लागलं होतं.

पाच मिनिटांची पंचेचाळीस झाली. एकही गाडी फाटकाबाहेर पडली नव्हती. कार्यालयातला फोन वाजला.

"मैदानावर सगळे खोळंबलेत," साहेब म्हणाले. "गाड्या का निघाल्या नाहीत?"

उस्तादानं खिडकीतून बाहेर बघितलं. "साहेब, माणसं बोलतायत."

मग साहेब म्हणाले, "मैदानावर मी कळवतो. तुम्ही ऐकून घ्या." आणि त्यांनी फोन ठेवला.